आमच्याकडं रिमेक शिळा होऊनच येतो

साऊथच्या कुठल्यातरी पिक्चरचा हिंदी रिमेक येतोय अशी बातमी मोबाईलवर पडली की पुण्या-मुंबईकडची माणसं मूळ पिक्चर कुठल्या ॲपवर आहे ते शोधत बसतात, आणि आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर कोणीतरी पाच मिनिटात टाकतंच की, हा तर आमच्या आत्यानं रिलीजला बघितलाय, शेवटी हिरोचा भाऊच व्हिलन निघतो. झालं. हिरोईन कोण हे अजून ठरलेलं नसतं आणि आमच्याकडं क्लायमॅक्स फुटलेला असतो. यात कोणाला काही विशेष वाटत नाही, कारण इथं अर्ध्या गावाच्या घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडकडं नाहीतर विजापूर रोडकडं गेलात की कन्नड कानावर पडतं, आणि मराठी-हिंदी-दखनी तर काय रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत चालूच असते. पोरगं शाळेत मराठी, घरात तेलुगू, क्रिकेट खेळताना हिंदी आणि शिव्या चारही भाषेत. अशा गावात रिमेक नावाची वस्तू ताजी कधी येणारच नाही.

मी स्वतः मराठी घरातला, पण दोस्तमंडळी सगळी पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू घरांची, साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, तिथलीच. लहानपणी भागवत थिएटरच्या आवारात एकाच वेळी वेगवेगळे पिक्चर लागलेले असायचे आणि कुठल्या तिकीटखिडकीपुढं उभं राहायचं यावरून भांडणं व्हायची. मला हिंदी बघायचा असायचा आणि ह्यांना तेलुगू, कारण चिरंजीवी. तर मी समजत नसताना बघितले, कानात फुसफुस ट्रान्सलेशन ऐकत बघितले, ते पण अर्धंच, कारण जोक आला की सांगणारा आधी स्वतः पोटभर हसून घ्यायचा आणि मग म्हणायचा, सोड बे, मराठीत मजा नाही येणार. नंतर मोठं झाल्यावर तेच पिक्चर हिंदीत अक्षय कुमार, सलमान घेऊन आले तेव्हा मी थिएटरात बसून शेजारच्याला सांगायचो की बघ आता हा मागं वळेल. तो वळायचाच. 2006 चा तेलुगू 'पोकिरी' 2009 ला 'वॉन्टेड' झाला, 'विक्रमार्कुडू' पण 2006 चाच, तो 2012 ला 'राउडी राठोड' झाला. तीन वर्षं, सहा वर्षं. तोपर्यंत आमच्याकडं त्याच्या सीड्या घासून घासून अडकायला लागलेल्या.

पण आमच्याकडं सगळ्यात जुनी आणि अजून न मिटलेली केस म्हणजे 'सूर्यवंशम'. तो टीव्हीवर किती वेळा लागतो यावरचे जोक सगळ्या देशात होतात, ते जाऊ दे. आमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. मी ज्या टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो तिथं दुपारच्या चहाला एकदा हा विषय निघाला. मी म्हणालो हीरा ठाकूर म्हणजे बच्चनच, दुसरं कोण. तर लूमवाले अण्णा कप खाली ठेवून म्हणाले, "बच्चनचं नंतरचं हो ते. आमच्या व्यंकटेशचं आधीचं आहे." आणि डिस्पॅचला एक कन्नड मामा आहेत, अक्कलकोट तालुक्यातले, ते एरवी तोंडातनं शब्द काढत नाहीत, ते तिकडनं पॅकिंगची दोरी गुंडाळत म्हणाले, "विष्णुवर्धन बघितला का कोणी? नाही ना, मग बोलू नका." आता गंमत अशी की तिघांचंही बरोबर आणि तिघांचंही अर्धं, कारण मूळ पिक्चर तमिळ, 1997 चा, शरतकुमारचा. मग 1998 ला तेलुगूत व्यंकटेश, 1999 ला हिंदीत अमिताभ आणि त्याच साली कन्नडमध्ये विष्णुवर्धन. बाप-लेकाचा तोच डबल रोल, तेच घराणं, तोच न शिकलेला पोरगा, आणि बायको शिकून कलेक्टर. मी मोबाईलवर काढून दाखवलं की बघा मूळ तमिळ आहे, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "असंल की. तमिळवाला आहे का इथं कोणी?" नव्हता. त्यामुळं तमिळचा दावा निकाली निघाला आणि चहा संपला.

मला हे फार आवडतं खरं सांगू का. कारण ऑनलाईन जी भांडणं चालतात, मूळ ते मूळ, कॉपी ती कॉपी, त्यात माणसं मूळ म्हणजे जे पहिलं बनलं ते धरतात. आमच्याकडं मूळ म्हणजे ज्यानं मला पहिल्यांदा रडवलं ते. मामांना कुणी शपथेवर सांगितलं तरी त्यांच्यासाठी ती गोष्ट विष्णुवर्धनचीच राहणार आणि त्यात चूक काय आहे?

आणि मराठी माणसानं तर रिमेकला नाक मुरडायचंच नाही, कारण आपल्या लाडक्या पिक्चरांची कुंडली काढली तर पंचाईत होते. 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा, त्याची कल्पना 1966 च्या हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरनं आली. 'धुमधडाका' 1985 चा, त्याच्या मागं 1964 चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', ज्याचा हिंदीत 'प्यार किये जा' झाला होता. आता सांगा, 'बीवी और मकान'मधला एक डायलॉग आठवतोय कोणाला? आणि धनंजय माने इथंच राहतात का हे विचारल्यावर उत्तर न देणारा मराठी माणूस दाखवा. ती गोष्ट पुण्यात आली, भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणारी चार पोरं पुण्याची झाली, म्हातारीच्या घरातली खोली मिळवायला साडी नेसणं हे पुण्याच्या घरमालकांपुढं पटण्यासारखं झालं, आणि तिथं ती जी चिकटली ती चिकटलीच. पुढं ती तेलुगूत गेली, कन्नडमध्ये गेली, परत हिंदीत 2009 ला 'पेइंग गेस्ट्स' होऊन आली आणि त्या हिंदीवाल्याचं काय झालं हे कोणी विचारत पण नाही.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे की गोष्ट उचलली याचं मला काही वाटत नाही, उचलून कुठं ठेवली ते मी बघतो. गाव कुठलं? माणसं कुणाची? ती पळाली तर त्याच दिशेला का पळाली? ह्याची उत्तरं नवीन द्यावी लागतात, नाहीतर मग कपडे बदललेला पुतळा.

'सैराट'वर यायचंच होतं मला. सोलापूरच्या माणसाचं रिमेकवर लिहून होईल आणि सैराट येणार नाही असं कसं होईल. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे सगळं आमच्याच जिल्ह्यातलं. 29 एप्रिल 2016 ला पिक्चर आला तेव्हा उन्हाळा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं आणि थिएटरपुढं लाईन. ट्रॅक्टर, टमटम घेऊन लोक खेड्यातनं यायचे. आता त्यातली एक गोष्ट सांगतो जी मला वाटतं बाकी महाराष्ट्रानं जरा वेगळी बघितली. इंटरव्हलनंतर आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. पुण्यामुंबईकडच्या प्रेक्षकासाठी ते म्हणजे लांब कुठंतरी परमुलूखात गेले, भाषा कळत नाही, कोणी ओळखीचं नाही. आमच्या शोला काय झालं, तिथं पडद्यावर जी तेलुगू सुरू झाली ती अर्ध्या थिएटरला कळत होती! आर्ची बिचारी गोंधळलेली आणि मागच्या रांगेतल्या बायका आधीच हसूलालत. माझ्या शेजारी माझा मित्र बसलेला, तो मला न विचारताच परत ट्रान्सलेशन करायला लागला, लहानपणची सवय.

आणि पळून जायचं तर हैदराबादच, हे इथल्या माणसाला समजवायला लागत नाही. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. पूर्व भागात असं घर शोधून काढावं लागेल ज्यांचं कोणी तेलंगणात नाही, लग्नं तिकडची, सुतक तिकडचं. त्यामुळं ती दोघं त्या झोपडपट्टीत राहतात, छाया कदमनं केलेली सुमन अक्का त्यांना खोली देते, डोशाच्या गाडीवर काम देते, आर्ची कारखान्यात लागते आणि हळूहळू तेलुगू शिकते, हे सगळं आम्हाला सिनेमा वाटलंच नाही. आमच्याकडं हे उलटं रोज होतं. शंभर-दीडशे वर्षांपासनं तिकडची माणसं हातमागावर, मिलमध्ये पोट भरायला इथं आली आणि मराठी शिकली. पिक्चरमध्ये इथली पोरगी तिकडं गेली एवढाच फरक.

मग 20 जुलै 2018 ला 'धडक'. मी गेलो बघायला, फुल तयारीनं गेलो, चांगल्या मनानं गेलो. उदयपूर सुंदर आहे, तलाव सुंदर आहे, जान्हवीचे कपडे सुंदर आहेत, संगीत अजय-अतुलचंच आहे, झिंगाट पण हिंदीत आहे. आणि मग ते पळतात आणि फिरत फिरत कलकत्त्याला जातात. कलकत्ता का? बरं दिसतं म्हणून असेल. मला शेवटपर्यंत कळलं नाही की उदयपूरच्या पोराला कलकत्ताच का सुचलं. पण हे तर किरकोळ आहे, खरी पंचाईत वेगळीच. सैराटमध्ये कोण कुठल्या जातीचं हे कोणी बोलून दाखवायच्या आधीच तुम्हाला माहीत असतं, आडनावावरनं, घराच्या भिंतीवरनं, परश्याचा बाप पाटलापुढं कसा उभा राहतो त्यावरनं. वर्गात मास्तरच्या कानाखाली मारणारा आर्चीचा भाऊ प्रिन्स आणि त्याचा बाप त्याच मास्तरला वाड्यावर बोलावून ओळख करून देतो, तो सीन बघा परत. तिथं एक वाक्य जातीचं नाही आणि सगळा सीन जातीचा आहे. धडकमध्ये जात येते ती एखाद्या वाक्यात येते आणि जाते. बाकी मग श्रीमंत हॉटेलवाला आणि साधा हॉटेलवाला एवढंच उरतं. असं असेल तर मारायचं कशाला, हा प्रश्न पडतो. आणि शेवट पण बदलला. सैराटमध्ये दोघंही जातात आणि लेकरू उरतं, इथं पोरगी उरते. बदलायला हरकत नाही, पण त्या लेकराच्या पावलांनी थिएटरात जी शांतता केली होती, बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये कोणी गाडीला किक मारत नव्हतं, ते धडकला झालं नाही. लोक उठले, पॉपकॉर्नचे डबे टाकले आणि गेले.

कन्नडमध्ये त्याच्या आधीच, 2017 ला 'मनसु मल्लिगे' झाला होता. त्यात परत रिंकूच! म्हणजे जिनं मूळ केलं तिनंच रिमेक पण केला. दिग्दर्शक एस. नारायण, आणि हेच ते नारायण ज्यांनी विष्णुवर्धनचा 'सूर्यवंश' केला होता. हे मी कारखान्यात मामांना सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. पंजाबीत, ओडियात, बंगालीत पण झाला सैराट. एवढ्या भाषेत गेलेली आपल्या जिल्ह्यातली दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही, चादर सोडली तर.

आणि आता ह्या सगळ्यावर कडी बघा. 2025 च्या ऑगस्टमध्ये 'धडक 2' आला. नाव धडक, पण सैराटशी संबंध काही नाही, तो मारी सेल्वराजच्या 2018 च्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'चा रिमेक. दिग्दर्शिका शाझिया इकबाल, सिद्धांत चतुर्वेदी आणि तृप्ती डिमरी. आणि ह्यात जात सरळ बोलली जाते, लॉ कॉलेजमध्ये, वर्गात, लग्नाच्या मांडवात. पहिल्या धडकनं जे टाळलं ते दुसऱ्या धडकनं बोलून दाखवलं, पण ते बोलायला पण गोष्ट तमिळनाडूतनं आणावी लागली. मी तो बघून आल्यावर दोस्ताला म्हणालो की चांगला आहे, बघ. तो म्हणाला मूळ बघितलाय मी, त्यातलं ते काळं कुत्रं आहे का ह्यात? आता ह्याला काय सांगायचं.

चांगला रिमेक कसा असतो विचाराल तर मी निशिकांत कामतचं नाव घेईन. 'डोंबिवली फास्ट' 2005 चा, त्यांनीच तो तमिळमध्ये माधवनला घेऊन 'एवनो ओरुवन' म्हणून परत केला, 2007 ला. आणि मग 2015 चा हिंदी 'दृश्यम'. मूळ मल्याळम, 2013 चा, जीतू जोसेफचा, मोहनलालचा. आमच्या दोस्ताचा व्यंकटेश तेलुगूत, रविचंद्रन कन्नडमध्ये, कमल हासन तमिळमध्ये, पुढं चायनीजमध्ये सुद्धा. एवढ्या रांगेत उभं राहून पण कामतांचा विजय साळगावकर उठून दिसतो, कारण तो गोव्याचा केबलवाला आहे आणि त्याला गोव्याचा केबलवालाच ठेवलाय. दोन ऑक्टोबर, पणजी, सत्संग, पावभाजी, हे लोकांच्या डोक्यात असं बसलंय की दर वर्षी त्या तारखेला गांधीजींच्या आधी साळगावकरचा मेसेज येतो. आणि कमलेश सावंतचा गायतोंडे! त्या पोलिसाचा राग आमच्या आईला अजून आहे, दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये सावंत दिसले की म्हणते, हा त्यो पोरीला मारणारा. कामत 2020 ला गेले, तेव्हा ते नुकतेच पन्नाशीचे झाले होते. दृश्यमच्या तिसऱ्या भागाची बातमी आली की मला आधी ते आठवतात, अजय देवगण नंतर.

मात्र एक गोष्ट झालीय गेल्या काही वर्षात, की रिमेकची जागाच संपत चाललीय. आधी तमिळ-तेलुगू पिक्चर बाकीच्यांना बघायलाच मिळत नसे, म्हणून रिमेक चालायचा. आता डब होऊन दुसऱ्या महिन्यात मोबाईलवर. 'पुष्पा' डिसेंबर 2021 ला आला तेव्हा हिंदीत आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा, आणि खेड्यापाड्यातली पोरं दाढीखालनं हात फिरवत सुटली, कोणाला अल्लू अर्जुनच्या जागी दुसरा हिरो पाहिजे होता का? नव्हता. मग त्याच अल्लू अर्जुनचा 'अला वैकुंठपुरमुलू' 'शहजादा' करून 2023 ला आणला, तर माणसानं का जावं? 'थेरी'चा 'बेबी जॉन' केला 2024 ला, ज्याची डब केलेली कॉपी लोकांनी जेवताना इतक्या वेळा बघितलेली की कुठल्या सीनला पाणी प्यायला उठायचं ते पण पाठ. पडले दोन्ही. ॲक्टरचा दोष नाही त्यात, वरुण धवननं मेहनत केली होती.

म्हणून मग 'वेड'चं मला नवल वाटतं. तेलुगू 'मजिली' 2019 चा, नागा चैतन्य आणि समंथाचा, तो रितेश देशमुखनं 30 डिसेंबर 2022 ला मराठीत आणला, स्वतः डायरेक्ट करून, जेनेलियाला पहिल्यांदा मराठीत घेऊन. माझ्या दोस्तांच्या घरी मजिली पाठ होता. तरी त्यांच्या आया-बहिणी सगळ्या वेडला गेल्या, नटूनथटून गेल्या, आणि दोन वेळा गेल्या. मी एका काकूंना विचारलं की तुम्हाला गोष्ट माहीत होती ना, मग? त्या म्हणाल्या, "ते नवरा-बायकोच आहेत की रे खरे. ते बघायला गेलो." एवढं साधं कारण मला कुठल्या रिव्ह्यूत वाचायला मिळालं नव्हतं. खऱ्या संसारातलं जोडपं पडद्यावर नवरा-बायको होऊन रुसतंय हे बघायला बायका गेल्या. स्टोरी कुठली हे दुय्यम.

आता मला एक खाज आहे ती सांगून टाकतो, कारण दोस्तांपुढं बोलून झालीय आणि तिथं अपमानच झालाय. 2019 ला तेलुगूत 'मल्लेशम' नावाचा पिक्चर आला, तेलंगणातले चिंतकिंदी मल्लेशम, त्यांच्यावर. पोचमपल्ली साडीसाठी धागा गुंडाळायचं जे आसूचं काम असतं ते आई दिवसभर हातानं करायची, खांदा निकामी व्हायची वेळ आलेली, म्हणून ह्या माणसानं शिक्षण नसताना वर्षानुवर्षं खटपट करून त्याचं मशीन बनवलं, 2017 ला पद्मश्री मिळाली. प्रियदर्शी आहे हिरो. फार गोड पिक्चर आहे, आरडाओरडा नाही, फायटिंग नाही, मशीन चालत नाही, परत चालत नाही, लोक हसतात, बायको साथ देते. मी म्हणालो, हा मराठीत करायला पाहिजे, आणि सोलापुरातच करायला पाहिजे. साखर पेठेतलं घर, खाली खटक् खटक् माग, वर माळ्यावर झोपलेली पोरं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, बोळात विड्या वळत बसलेल्या बायका, कोणी सुपातनं तंबाखू घेतंय, कोणी पान कातरतंय आणि तोंडानं सिरीयलची स्टोरी चालू. अर्धा पिक्चर मराठी, अर्धा तेलुगू, जसं घरात बोलतात तसं.

मला वाटलं सगळे खूश होतील. तर लूमवाल्या अण्णांचा पोरगा, इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला, "दादा, पण तो माणूस तिकडचा, मशीन तिकडचं, तो खराखुरा माणूस आहे. त्याचा रिमेक कसा करणार? आमच्या आजोबांवर करा की. त्यांनी पण लय मशीनी बनवल्या, एक पण चालली नाही."

अण्णा म्हणाले, एक चालली होती. दोन दिवस.

मग त्यावर जे सुरू झालं, कुठली मशीन, कोणी फोडली, आजीनं भंगारात किती रुपयाला घातली, त्यात दुपारचा सगळा टाईम गेला आणि जीएसटीचं रिटर्न तसंच राहिलं. हिरो कोण घ्यायचा यावर पण चर्चा झाली. अण्णांचं मत व्यंकटेशच घ्यावा, वय झालंय तरी चालेल, आजोबांचाच रोल आहे. पोरगा म्हणाला व्यंकटेशला मराठी कुठं येतंय, तर मामा दोरी गुंडाळत बोलले, डब करा की.